खाज्या नाईक : घाटाच्या हक्काचे चरित्र

खाज्या नाईक हे नाव खानदेशाला आणि निमाडला परिचित आहे. १८५७ च्या उठावातील भिल्ल सेनानींची नामावळी द्यायची झाल्यास भीमा नाईकाच्या बरोबरीने ते प्रथम येते. तथापि या पुरुषाचे चरित्र लिहू पाहणाऱ्यास एका मूलभूत अडचणीला तोंड द्यावे लागते. ज्यांनी त्याला पगार दिला, नंतर शिक्षा दिली आणि अखेरीस ज्यांनी त्याचा पाठलाग केला, त्यांच्याच कागदांतून तो आपल्यापर्यंत येतो. सरकारी दप्तरात तो कुठे काजरसिंग आहे, कुठे खाज्या. कुठे घाटाचा जमादार, तर कुठे दरोडेखोरांचा म्होरक्या. ही सर्व विशेषणे एकाच माणसाला दहा वर्षांच्या आत लावली गेली. ती का लावली गेली हे पाहिले, तरच हे चरित्र हाती लागते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम 'नाईक' या शब्दाचा विचार करू. आज हे आडनाव झाले आहे. परंतु सातपुड्यातील भिल्ल नाईक म्हणजे वाटेचा राखणदार. शिरपूरहून उत्तरेस निघालेला मुंबई–आग्रा मार्ग सातपुडा ओलांडून सेंधव्याकडे उतरतो. या घाटातून व्यापाऱ्यांचे तांडे, टपाल आणि खजिना सुरक्षित पार करून देणे हे नाईकाचे काम आणि त्याबद्दल ठरावीक मोबदला घेणे हा त्याचा हक्क. मोबदला मिळाला तर वाट सुरक्षित, नाही मिळाला तर वाट बंद. व्यवहाराचे स्वरूप इतके उघड होते. खाज्याचा बाप गुमान नाईक याच घाटाचा नाईक होता. म्हणजे घाट खाज्याकडे आला तो बापाकडून. सरकारी दप्तराने मात्र त्याची नोंद नेमणूक म्हणून केली. या दोन समजुतींतील अंतर पुढे त्याच्या आयुष्यावर उलटले.

पेशवाईचा अंत झाला आणि १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, त्या वेळी डोंगरातील भिल्ल वश नव्हते. कॅप्टन ब्रिग्ज याने काही नाईकांना तनखे बांधून दिले, काहींवर फौज पाठवली. दोन्ही उपायांनी स्थायी शांतता आली नाही. येथे आपल्या पिंपळनेर भागाचा संबंध येतो. (गॅझेटियरच्या काळात साक्री तालुका पिंपळनेर तालुका म्हणूनच ओळखला जाई, हे नव्या वाचकासाठी नमूद करून ठेवतो.) पिंपळनेरहून दक्षिणेस शेलबारीचा घाट ओलांडला की बागलाण लागते. १८२५ मध्ये सेवराम नावाच्या लोहाराच्या चिथावणीवरून बागलाणच्या भिल्लांनी उठाव केला आणि अंतापूर लुटले. मुल्हेरच्या डोंगरात त्यांच्यावर चालून गेलेला तरुण अधिकारी म्हणजे जेम्स औट्रम. त्याच वर्षी त्याच्याकडे नव्या भिल्ल पलटणीची उभारणी सोपवण्यात आली आणि धरणगावला तिचे ठाणे झाले. बंड करणाऱ्या जमातीतूनच शिपाई घ्यायचे, हे धोरण. जोडीला कुकरमुंडे, धरणगाव आणि कन्नड येथे भिल्ल एजन्सी स्थापून शेतीस बैल, बी आणि तगाई देण्याची व्यवस्था झाली. इतिहासग्रंथांतून या धोरणाचे पुष्कळ कौतुक आढळते, आणि ते सर्वस्वी अनाठायी नाही. कारण त्यानंतर पाव शतक खानदेशात मोठा उठाव झाला नाही. पण त्यामुळे एकाच जमातीची माणसे दोन ठिकाणी उभी राहिली. काही पलटणीत गेली, काही घाटावर राहिली. खाज्या घाटावरच्यांपैकी होता.

१८३० च्या दशकाच्या प्रारंभापासून १८५१ पर्यंत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, त्याने सेंधवा घाट राखला. या दीर्घ काळाविषयी चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. जणू बंडापूर्वीचे आयुष्य ही केवळ प्रस्तावना. वास्तविक हाच त्याच्या आयुष्याचा मोठा भाग होय. वीस वर्षे ज्या माणसाने मुंबई आणि इंदूरच्या दरम्यानची सर्वांत अवघड वाट चालती ठेवली, तो राज्ययंत्रणेचा शत्रू नव्हता. तिचा एक अवयव होता.

१८५१ मध्ये एका माणसाच्या मृत्यूस कारण झाल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. वीरचरित्रे लिहिणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो. कोणी तो गाळतात, कोणी खाज्याला निर्दोष ठरवतात. तसे करण्याचे कारण नाही. एक माणूस मेला होता आणि त्याचे उत्तरदायित्व खाज्यावर होते, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. घाटावरील संशयिताला पकडणे, त्याला दहशत बसवणे, प्रसंगी मारणे, हा नाईकाच्या कामाचाच भाग समजला जात असे. वाट सुरक्षित राहते तोवर ती कशी राहते हे सरकारने विचारले नव्हते. विचारले तेव्हा न्यायालयाच्या भाषेत विचारले, आणि त्या भाषेत घाटाच्या रिवाजाला शब्द नव्हता. शिक्षेबरोबर घाटही गेला. खाज्याच्या लेखी ही नोकरी गेली नव्हती. बापाचा वारसा गेला होता.

शिक्षेची मुदत पुरी होण्यापूर्वीच त्याची सुटका झाली आणि १८५७ च्या धामधुमीत त्याला पुन्हा घाटावर घेण्यात आले. उत्तर हिंदुस्थान पेटला होता, आग्रा मार्ग निकडीचा झाला होता, आणि तो मार्ग राखू शकणारा माणूस सरकारच्या माहितीत एकच होता. या फेरनेमणुकीत त्याचे महत्त्व मान्य केलेले दिसते, पण हक्काची भरपाई मात्र दिसत नाही. थोड्याच काळात खाज्याने चाकरी सोडली आणि भीमा नाईकाशी हातमिळवणी केली. दिल्लीच्या बादशहासाठी किंवा पेशव्यांच्या गादीसाठी तो उठला, असे म्हणण्यास आधार तोकडा आहे. बाहेरच्या उठावाने त्याला संधी दिली. कारण त्याचे त्याच्याजवळ होते.

नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाख रुपयांचा खजिना नाईकांनी सेंधवा घाटाच्या परिसरात लुटला. याच जातीचा खजिना त्याने पूर्वी वीस वर्षे पार करून दिला होता. कुठे अडवायचे हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. या घटनेनंतर भिल्लांबरोबर मकराणी आणि अरब शिपाईगडीही त्याच्याभोवती जमले आणि त्याच्या टोळीला फौजेचे स्वरूप आले.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मेजर इव्हान्सच्या सैन्याने या जमावाला गाठले. लढाई निकराची झाली. इंग्रजांचे अधिकारीही जखमी झाले. बाजू पडल्यावर पकडलेल्या अनेकांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्याचा मुलगा या लढाईत पडला. नाईकांच्या घरच्या स्त्रिया आणि त्यांच्याबरोबर इतर पुष्कळ स्त्रिया सरकारच्या हाती लागल्या. इव्हान्सच्या सैन्यात भिल्ल पलटणीचे शिपाई होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. बागलाणच्या उठावाच्या वर्षी जी पलटण उभी राहिली, ती तेहतीस वर्षांनी आपल्याच लोकांवर बंदूक रोखून उभी होती. त्या शिपायांना फितूर म्हणणे सोपे आहे. परंतु पलटणीचा पगार आणि घाटाचा हक्क ही एकाच उपजीविकेची दोन रूपे होती. त्यांतले एक टिकले, दुसरे मोडले.

बाप, लेक आणि नातू या तीन पिढ्यांतला घाटाचा वारसा अंबापाणीला संपला. खाज्या स्वतः निसटला आणि आणखी दोन वर्षे डोंगरात राहिला. स्त्रियांना ओलीस ठेवून पुरुषांना खाली उतरवण्याचा मार्ग सरकारने अवलंबला होता. भीमाची आई सुरसी मंडलेश्वरच्या तुरुंगात मरण पावली. १८६० मध्ये खाज्याच्या विश्वासात शिरलेल्या एका मकराणी जमादाराने दगा देऊन त्याला ठार केले. भीमा १८६७ पर्यंत हाती लागला नाही. पुढे त्याला अंदमानात धाडण्यात आले आणि १८७६ मध्ये तो तेथेच मरण पावला.

खाज्यामागे घाटाला नाईक राहिला नाही; चौकी आणि पोलीस राहिले. भिल्ल पलटणही १८९१ मध्ये जिल्हा पोलिसांत विलीन झाली, म्हणजे अखेरीस जिंकलेली बाजूही विसर्जित झाली. दरम्यान १८७८ चा जंगल कायदा आला आणि वाटेच्या हक्कापाठोपाठ रानाचाही हक्क गेला. पिंपळनेरच्या पश्चिमेकडील भिल्ल, मावची आणि कोकणा वस्त्यांना लाकूड, मोह आणि डोंगरउतारावरची शेती यांसाठी वनखात्याच्या शिपायाला तोंड देण्याची वेळ आली. सपाटीवरचा भिल्ल साल धरून दुसऱ्याच्या शेतात सालदार झाला. खाज्याच्या पिढीचा वाद राज्यसत्तेशी होता. त्याच्या पणतवंडांच्या पिढीला तो शेतमालकाशी आणि वनखात्याशी करावा लागला, आणि त्यासाठी त्यांच्या हाती ना घाट होता, ना बंदूक.

तरीही वाद मिटला नाही. १९७१ मध्ये शहादे तालुक्यातील पाटीलवाडीचे प्रकरण घडले. धान्य मागण्यास गेलेल्या भिल्लांवर गोळीबार झाला. त्यातून अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखालील चळवळीला बळ आले आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. अंबरसिंग १९७४ मध्ये निवर्तले. याच चळवळीत वाढलेले वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. शहाद्याला लागून शिरपूर आहे आणि शिरपूरच्या डोक्यावर सेंधव्याचा घाट. भिल्लांविषयी दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी सव्वाशे वर्षे वाचल्यानंतर, त्याच डोंगराच्या पायथ्याचा एक भिल्ल स्वतः भिलीत आणि मराठीत लिहू लागला होता.