सनदेविना वकील

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बी.सी.एल. म्हणजे दिवाणी कायद्याच्या पदवी परीक्षेला १८९२ साली साडी नेसलेली एक तरुणी बसली. त्याआधी तिने एक वेगळीच लढाई लढली होती. स्त्रीची उत्तरपत्रिका तपासणे परीक्षकाला मान्य नव्हते आणि वेगळ्या खोलीत, वेगळी परीक्षा देणे तिला मान्य नव्हते. अखेर तिला पुरुषांच्या बरोबरीने बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती उत्तीर्ण झाली. पदवी मात्र तिला मिळाली ती १९२२ साली, तब्बल ३० वर्षांनी. ऑक्सफर्डमध्ये स्त्रीने परीक्षा देणे आणि स्त्रीला पदवी देणे या तेव्हा दोन भिन्न गोष्टी होत्या.

ही तरुणी म्हणजे नाशिकमध्ये १५ नोव्हेंबर १८६६ रोजी जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले पारशी गृहस्थ. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात मुलामुलींसाठी शाळा काढल्या. पुढे सेंट हेलेनाज् शाळेची स्थापना करणाऱ्या सुझी सोराबजी या कॉर्नेलिया यांच्या भगिनी. मुलींनी शिकायचे, हे या घरात गृहीतच होते. घराबाहेर मात्र काहीच गृहीत नव्हते.

डेक्कन कॉलेजमध्ये शेकडो मुलांत त्या एकट्या विद्यार्थिनी होत्या. वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेण्यापर्यंत सहाध्यायांची मजल गेली. तरीही अखेरच्या परीक्षेत त्या कॉलेजात पहिल्या आल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना नाकारण्यात आली. कारण एकच, विद्यार्थी पुरुष नव्हता. त्यानंतर त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या हंगामी प्राध्यापक म्हणून मुलांना शिकवले. पुरुषांना शिकवण्याइतकी योग्यता होती, शिष्यवृत्ती घेण्याइतकी नव्हती, असा हा न्याय होता. शेवटी मेरी हॉबहाऊस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न आदींनी इंग्लंडमध्ये निधी जमवला आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. बॅलिओल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांची पाठराखण केली. सर विल्यम अॅन्सन यांनी ऑल सोल्स कॉलेजचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांना खुले करून दिले. तिथे वाचनाची परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत.

परवानगी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कॉर्नेलिया यांच्या आयुष्यात तो पुन:पुन्हा येतो. त्यांना जे मिळाले ते बहुधा परवानगीने मिळाले, हक्काने क्वचितच.

शिक्षण संपवून परतल्यावर तेच झाले. काठेवाड व इंदूरकडील संस्थानांतील पडदानशीन स्त्रियांची गाऱ्हाणी ब्रिटिश एजंटांपुढे मांडण्याची खास मुभा त्यांना मिळाली. परंतु प्रकरण न्यायालयात गेले की त्यांना थांबावे लागे, कारण सनद नव्हती. पुण्याच्या सत्र न्यायालयात १८९६ मध्ये एका खुनाच्या खटल्यात त्यांनी आरोपी स्त्रीची बाजू मांडली, तीही विशेष बाब म्हणूनच. अपुरी पात्रता हे कारण कुणी पुढे करू नये म्हणून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. दोन्हींत त्या उत्तीर्ण झाल्या. सनद तरीही दूरच राहिली.

संस्थानी कामातला एक किस्सा त्यांनी आत्मकथनात नोंदवला आहे. एका हत्तीच्या पोषणासाठी नेमून दिलेले उत्पन्न बंद झाले होते आणि त्याच्या वतीने त्या उभ्या राहिल्या. न्यायनिवाडा करणार होते खुद्द महाराज. युक्तिवाद पुरा होण्याआधीच महाराजांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, कारण महाराजांच्या कुत्र्याला या वकीलबाई आवडल्या होत्या! किस्सा गमतीचा खरा, पण तयारीनिशी आलेल्या वकिलाचे म्हणणे ऐकूनच न घेणे हा अपमान निकाल बाजूने लागला म्हणून कमी होत नाही.

त्यांच्या आयुष्याचे खरे काम बंगालमध्ये उभे राहिले. जमीनदार वारल्यावर वारस अज्ञान असला की इस्टेटीचा कारभार सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे जाई. विधवा पडद्याआड असे. परपुरुषासमोर येण्याची तिला बंदी आणि वकील तर सगळे पुरुष. मग मधला कारभारी सांगेल ते खरे, आणि तो पुढे करील त्या कागदावर अंगठा. लाखोंच्या मालमत्तेची मालकीण स्वत:च्या पोटगीसाठी आश्रितासारखी हात पसरत असे. या स्त्रियांना स्त्री सल्लागार द्या, असा आग्रह कॉर्नेलिया यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे धरला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये महिला सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा व आसामही त्यांच्याकडे आले. पालखीतून, नावेतून, मैलोन् मैल प्रवास करून त्या जनानखान्यात पोहोचत. पोटगी मिळवून देणे, मुलांच्या शिक्षणाची सोय लावणे, विषप्रयोगाच्या संशयाने भेदरलेल्या विधवेला धीर देणे, असे नाना प्रकारचे काम त्यांनी केले. सुमारे वीस वर्षांत सहाशेच्या आसपास स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांची मदत झाली. १९०९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पदक देणाऱ्या त्याच राजवटीच्या न्यायालयांत त्या वकील नव्हत्या.

हा अडसर किती शाब्दिक होता, हे १९१६ च्या एका प्रकरणात दिसले. रेजिना गुहा या विधी पदवीधर तरुणीने कलकत्त्यात वकिलीसाठी अर्ज केला. कायद्यात व्यक्ती असा शब्द होता. पुल्लिंगी उल्लेखात स्त्रीलिंगही येते, असा सामान्य नियमही होता. तरीही कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्त्री त्यात बसत नाही असे ठरवले. पाटणा उच्च न्यायालयाने १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांनाही तसेच परत पाठवले. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र कॉर्नेलिया यांचे नाव नोंदवून घेतले आणि १९२३ च्या कायद्याने साऱ्या देशातील ही बंदी उठली.

कॉर्नेलिया यांनी १९२४ मध्ये कलकत्त्यात वकिली सुरू केली, तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या. दार उघडले, पण आत बसलेली माणसे तीच होती. त्यांच्याकडे कागदावर मत देण्याची कामे येत. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याची संधी पुरुष वकिलांकडे जाई. मुंबईत त्याच सुमारास पंचविशीतल्या मिठान टाटा, म्हणजे पुढच्या मिठान लाम, वकिलीला लागत होत्या. कायदा दोघींना एकच मिळाला; एकीला आरंभी, दुसरीला उतारावर.

त्यांना सरळसोट नायिका करणे सोपे नाही. त्या साम्राज्यनिष्ठ होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी विरोध केला आणि कॅथरीन मेयो यांच्या १९२७ च्या भारतनिंदक पुस्तकाची बाजू घेऊन देशभराचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या समाजकार्यातील अनेक सहकारी त्यामुळे दुरावले. स्त्रियांच्या हक्कांसाठी सामूहिक चळवळीपेक्षा एकेका घरात जाऊन केलेल्या मदतीवर त्यांचा अधिक विश्वास होता. स्वत:चा प्रत्येक टप्पा वजनदार इंग्रजांच्या सदिच्छेने पार पडला, याचा त्यांच्या विचारांवर परिणाम झाला असणार. मात्र त्यांच्या राजकारणामुळे त्यांचे काम विस्मरणात ढकलले गेले, हा त्या कामावर अन्यायच झाला.

कॉर्नेलिया १९२९ मध्ये वकिलीतून निवृत्त होऊन लंडनला स्थायिक झाल्या. तेथे १९३४ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुढे दृष्टी अधू होत गेली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. ज्या लिंकन्स इनने त्यांना उतारवयात बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतले, तिथे २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.