विनोबांचे चालणे

विनोबा भावे यांचे चरित्र सांगणारे बहुधा गीताईपासून किंवा भूदानापासून आरंभ करतात. येथे तो त्यांच्या पायांपासून करावयाचा आहे. इतक्या दुबळ्या देहाच्या माणसाने तेरा वर्षे देशभर पायपीट केली ती कशाच्या बळावर, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास नेहमी पडत आला आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. शिक्षण बडोद्यास. गणिताची गोडी आणि हिंडण्याचे वेड ही दोन्ही तेथलीच. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढल्याच वर्षी रजा घेऊन संस्कृत अध्ययनासाठी वाईस आले आणि महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी फिरले. वाटेतले किल्ले पाहिले, गीतेवर प्रवचने दिली. नंतरचा वर्ध्याचा आश्रम आणि तुरुंगवास सर्वांस ठाऊक आहे. १९३८ साली प्रकृती ढासळून त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले. तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी न जाता ते पवनारला गेले आणि रोज थोडे थोडे खणू लागले. आरंभी अवघी पाच मिनिटे, मग बेताबेताने वाढवीत. वर्षाच्या आत वजन ४० पौंडांनी वाढले!

८ मार्च १९५१ रोजी पवनारहून हैदराबादकडे ते पायी निघाले, तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि पोटात व्रण होता. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. आपला धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्हाही त्या काळी हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे भूदानाचा उगम आपल्याच राज्यातला म्हणावयास हरकत नाही. मोटारीतून उतरलेल्या माणसाला कोणी अशी जमीन दिली असती, असे वाटत नाही.

आता त्या पायांविषयी. चालणे म्हणजे वेळीच सावरलेले पडणे होय. देह पुढे झुकतो, तोल जातो, आणि तो कोसळण्याच्या आत दुसरा पाय पुढे येऊन त्याला झेलतो. टेकलेला पाय ताठ राहतो आणि कंबर त्याच्यावरून कमानीच्या वाटेने पुढे सरकते, जणू उलटा उभा केलेला लंबक. कंबर वर चढताना वेग किंचित मंदावतो, उतरताना तो परत मिळतो. या देवघेवीमुळे स्नायूंचे निम्म्याहून अधिक श्रम वाचू शकतात. ही बचत ताशी चार-पाच किलोमीटरांच्या चालीत सर्वांत जास्त. फार घाई केली किंवा फार रेंगाळले तरी खर्च वाढतोच. सास्तूरच्या शिवारातून डोईवर भारा घेऊन परतणारी बाई पाहा. तिची मान हलत नाही, पाऊल चुकत नाही. हे शास्त्र तिला कोणी शिकविलेले नाही.

विनोबा पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघत. तोल सांभाळावयास डोळे, कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि तळपाय व सांधे यांची जाणीव, असे तिघे साक्षीदार असतात. अंधारात पहिला निकामी होतो आणि इतर दोघांवर भार पडतो. पण उन्हाचा ताप टळे, सकाळीच पुढले गाव गाठता येई, आणि उरलेला दिवस लोकांसाठी मिळे. रोजचा टप्पा दहा मैलांच्या आसपास, आहार थोडा थोडा. पवनारच्या खणण्यातला हिशेबीपणा येथेही दिसतो. गणिताची आवड अशी पायांत उतरली होती!

१९५२ च्या अखेरीस तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे हिवतापाने त्यांना गाठले. जीव वाचला आणि यात्रा पुन्हा चालू झाली. १९६० साली ते चंबळच्या दरोडेखोरांपर्यंत गेले. १९६२ साली पूर्व पाकिस्तानात सोळा दिवस चालले. दानात ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्यातली पुष्कळशी खडकाळ होती आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही. हा दोष पायांचा नव्हे, मागे राहिलेल्या व्यवस्थेचा होता.

एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले. पुढल्या वर्षी बिहारात पुन्हा फिरावयास निघाले ते मात्र मोटारीने. वय सत्तरीला आले होते. १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि देश पालथा घालणारा हा माणूस पवनारच्या आवारात स्थिरावला. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपण आले तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला.