हान्स बर्गर : घोड्यावरून मेंदूपर्यंत

मागच्या वर्षी घोडेस्वारीच्या तासाला मी पडलो. मनगट सुजले. घरी कुणाला काही जाणवले नाही. रविवारी मीच फोन करून सांगितले. तेव्हा आमच्या उस्तादांनी मला हान्स बर्गर यांची गोष्ट सांगितली.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्गजवळच्या नॉयझेस गावी झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील फ्रीडरिश र्‍युकर्ट हे कवी. आपली नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मन भाषेत नेली. बर्गर यांना खगोलशास्त्र शिकायचे होते, पण शिक्षण अर्धवट सोडून ते वर्षभरासाठी सैन्यात गेले. वुर्झबुर्गला सराव चालू असताना घोडा उधळला आणि ते थेट तोफगाड्यासमोर पडले. गाडा ऐन वेळी थांबला म्हणून जीव वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असे वाटले आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली.

हा योगायोगही असेल. पण बर्गर यांना प्रश्न पडला, की मन आणि शरीर यांचा सांधा कुठे आहे? सैन्यातून परतल्यावर ते वैद्यकशास्त्र शिकले. १८९७ मध्ये येनाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले आणि १९१९ मध्ये त्याचे प्रमुख झाले. मेंदूतले रक्ताभिसरण मोजून झाले, तापमान मोजून झाले, उत्तर मिळेना. अखेर ६ जुलै १९२४ रोजी शस्त्रक्रियेत कवटीचा भाग काढलेल्या एका मुलाच्या मेंदूतील विद्युत लहरी त्यांनी नोंदवल्या. या लहरी व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजाव्या लागतात. आपण यंत्राचाच दोष तर नोंदवत नाही ना, या शंकेने त्यांनी पाच वर्षे पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. स्वतःच्या मुलाच्याही घेतल्या. निबंध १९२९ मध्ये छापला. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर सेकंदाला सुमारे दहा लहरी येतात आणि डोळे उघडताच त्या मावळतात, हे त्यांनीच दाखवले. फारसे कुणी मानले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन यांनी प्रयोग करून पाहिला, तेव्हा जग ऐकू लागले.

इथपर्यंत वाचून मला ते आदर्श वाटले होते. पुढचे वाचून मी थांबलो. १९३३ मध्ये नाझी सरकारने कायदा करून स्किझोफ्रेनिया व इतर काही आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू केली. असे खटले चालवणाऱ्या येनाच्या न्यायालयात बर्गर सदस्य होते. ज्यांच्या मनाचा शोध घ्यायचा, त्यांच्याच आयुष्याचा निकाल त्यांना न विचारता लावायचा! १९३८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे नैराश्याने ग्रासले आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

मी का थांबलो, ते सांगतो. माझ्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे. त्यांना आवाज ऐकू येतात. फिट्सचा आजार तर नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला. डोक्याला वायरी लावताना आजीने विचारले, यात त्याच्या मनातले दिसेल का? डॉक्टर नाही म्हणाले. एकसारख्या आवाजांत मध्येच वेगळा आवाज आला, तर स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूचा प्रतिसाद सरासरीने मंद दिसतो, असे संशोधक सांगतात. पण एका माणसाचा आलेख पाहून हे निदान होत नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलावे लागते, त्याचे ऐकावे लागते.

शाळेत कुणी विचारले, की काका गावी शेती बघतात, एवढेच मी सांगत असे. ते खरेही आहे. गोळ्या वेळेवर घेतात आणि शेती उत्तम बघतात. पण अर्धेच सांगत होतो. आज पूर्ण लिहिले. सुट्टीत घरी गेलो, की हा अंक आधी काकांना वाचून दाखवणार आहे.