विश्लेषण : घरी शिकलेल्या एडिसनचे गणित कच्चेच राहिले, मग विजेच्या दिव्याची आकडेमोड कोणी केली?

शाळेने ढ ठरवलेला मुलगा आईने घरी शिकवला आणि तो जगातला मोठा संशोधक झाला, ही थॉमस अल्वा एडिसन यांची गोष्ट परीक्षांच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर हटकून फिरते. मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवणारे पालक आणि गणिताच्या पेपरने घाबरलेली आठवी-नववीची मुले, दोघांनाही ती धीर देते. पण या गोष्टीतला एक भाग सहसा सांगितला जात नाही. घरच्या शिकवणीने एडिसन यांचे गणित सुधारले नाही, ते आयुष्यभर कच्चेच राहिले. तरीही ज्या विजेच्या दिव्यामुळे ते घराघरांत पोहोचले, तो गणिताशिवाय पेटला नसता. हे गणित आले कुठून आणि ते नसल्याची किंमत एडिसन यांना कुठे मोजावी लागली, याचा हा आढावा.

व्हायरल गोष्टीतले खरे किती?

फिरणाऱ्या संदेशानुसार शाळेने आईच्या नावे एक चिठ्ठी दिली. आईने ती मुलाला वाचून दाखवताना मजकूर बदलला आणि तुझ्यासारख्या हुशार मुलाला शिकवायला या शाळेत शिक्षक नाहीत, असे सांगितले. आई गेल्यावर ती चिठ्ठी एडिसन यांच्या हाती लागली आणि खरे काय ते कळले, असा शेवट आहे. या चिठ्ठीला कोणताही पुरावा नाही.

एडिसन यांनी स्वतः पुढे सांगितलेली हकिगत वेगळी आहे. त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मायलन या गावचा. सात भावंडांत ते शेंडेफळ. १८५४ मध्ये कुटुंब मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरन येथे गेले. तिथल्या शाळेत आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना घातले गेले. या मुलाच्या डोक्यात गोंधळ आहे, असे शिक्षक म्हणत असल्याचे छोट्या थॉमसने स्वतःच ऐकले आणि घरी येऊन आईला सांगितले. आई नॅन्सी त्याला घेऊन शाळेत गेल्या, शिक्षकांशी त्यांची खडाजंगी झाली आणि मुलाला त्या घरी घेऊन आल्या. त्या शाळेत तो जेमतेम काही महिने होता. नंतर आणखी एका शाळेत तो थोडा काळ गेला, पण खरे शिक्षण घरीच झाले.

म्हणजे आईने काही लपवले नव्हते. मुलाला सगळे ठाऊक होते आणि आई आपल्या बाजूने उभी राहिली, हेही त्याने पाहिले होते. बनावट गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

नॅन्सी यांनी घरी शिकवले तरी काय?

नॅन्सी यांनी लग्नापूर्वी शिक्षिका म्हणून काम केले होते. त्यांनी मुलाला वाचनाची गोडी लावली. वयाच्या मानाने जड असे रोमन साम्राज्याच्या आणि इंग्लंडच्या इतिहासाचे ग्रंथ दोघांनी मिळून वाचले. मग त्यांनी त्याच्या हातात रिचर्ड पार्कर यांचे भौतिकशास्त्राचे शालेय पुस्तक दिले. त्यात घरी करून पाहता येतील असे प्रयोग होते. थॉमसने त्यातले बहुतेक सगळे प्रयोग करून पाहिले. घराच्या तळघरात त्याने प्रयोगशाळा थाटली आणि कोणी हात लावू नये म्हणून बाटल्यांवर विष असल्याच्या चिठ्ठ्या डकवल्या.

या शिक्षणात उणिवाही होत्या. शुद्धलेखन कच्चे राहिले. पुढे वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने रेल्वेत छापलेल्या साप्ताहिकात त्याच्या खुणा दिसतात. आणि दुसरी मोठी उणीव होती गणिताची.

गणिताशी बिनसले कुठे?

किशोरवयात थॉमसच्या हाती आयझॅक न्यूटन यांचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ पडला. १६८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ भूमितीच्या अवघड सिद्धतांनी भरलेला आहे. आजचा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही तो मूळ रूपात वाचू गेला तर पहिल्या काही पानांत दमेल. भूमिती आणि बीजगणिताचा पाया नसलेल्या मुलाचे काय झाले असेल, हे सांगायला नको. एडिसन यांनीच पुढे सांगितल्यानुसार, त्या अनुभवाने गणिताची जी नावड बसली ती कधीच गेली नाही.

यात बुद्धीचा दोष नव्हता. पायऱ्या वगळून थेट गच्चीवर चढायला सांगितले, तर धडधाकट माणूसही पडतो. गणित हा पायऱ्यांचा विषय आहे. इतिहासाच्या पुस्तकातले एखादे प्रकरण राहिले तरी पुढचे समजते. अपूर्णांक राहिले तर गुणोत्तर अडते आणि गुणोत्तर अडले की बीजगणिताची समीकरणे परकी वाटू लागतात. घरच्या शिकवणीत मुलाच्या आवडीमागे जाण्याची मोकळीक असते आणि तीच तिची ताकद. मात्र नावडत्या विषयातली एखादी पायरी निसटली, तर ती लक्षात आणून देणारे दुसरे कोणी बहुतेकदा नसते.

मग रेल्वेतला हिशेब कसा जमला?

बाराव्या वर्षी, १८५९ मध्ये, थॉमस पोर्ट ह्युरन ते डेट्रॉईट या रेल्वेत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. डेट्रॉईटला गाडी काही तास थांबे, तेव्हा तो वाचनालय गाठत असे. एप्रिल १८६२ मध्ये अमेरिकी यादवी युद्धात शिलोची लढाई झाली. ही बातमी पुढच्या स्थानकांवर तारेने आधीच पोहोचवली तर गर्दी जमेल, हे पंधरा वर्षांच्या या मुलाने ताडले. त्याने तारबाबूंना गाठून तशी सोय केली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त म्हणजे १००० अंक उधारीवर उचलले आणि मागणी वाढेल तसा दर चढवत नेला.

मागणी, पुरवठा, जोखीम आणि नफा यांचे हे गणितच होते, फक्त कागदावर मांडलेले नव्हते. म्हणजे आकड्यांचे वावडे त्याला नव्हते. अडचण होती ती चिन्हांच्या भाषेची, म्हणजे समीकरणे आणि सिद्धतांची. गणित कच्चे आहे, असे एका वाक्यात म्हणताना हा फरक हमखास नजरेआड होतो.

पुढे तारयंत्रचालक म्हणून नोकरी करताना, १८६८ च्या सुमारास बोस्टनमध्ये, एडिसन यांना मायकेल फॅरेडे यांचे विजेवरील प्रयोगांचे ग्रंथ मिळाले. फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करत शिकलेले आणि गणितात एडिसन यांच्यासारखेच अडखळणारे. त्यांच्या ग्रंथांत समीकरणे जवळपास नाहीतच, सगळे शब्द, आकृत्या आणि प्रयोग. एडिसन यांना आपला गुरू सापडला. मात्र फॅरेडे यांच्या कल्पनांना समीकरणांचे रूप जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिले, तेव्हाच पुढे रेडिओची वाट मोकळी झाली, हेही विसरता येत नाही.

दिव्यासाठी गणित का लागले?

एडिसन यांनी १८७६ मध्ये न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. १८७८ मध्ये त्यांनी विजेच्या दिव्याचे काम हाती घेतले, तेव्हा प्रश्न एका दिव्याचा नव्हता. तार तापवून उजेड पाडणारे दिवे इतरांनीही बनवले होते. अख्ख्या वस्तीला परवडेल अशा दरात वीज पुरवायची, तर तांब्याच्या तारांवर किती खर्च होईल, हा खरा प्रश्न होता.

नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात हे समजून घेता येते. समजा, १०० वॉटचा दिवा हवा आहे. दिव्याचा रोध १ ओहम असेल, तर त्याला १० अँपिअर विद्युतधारा लागेल. रोध १०० ओहम असेल, तर १ अँपिअर पुरेल. मात्र त्यासाठी विभवांतर १० ऐवजी १०० व्होल्ट ठेवावे लागेल. तारेत उष्णतेच्या रूपात वाया जाणारी वीज विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा दहापट कमी झाली की तीच तार वापरूनही नुकसान शंभरपट कमी होते. म्हणजेच तेवढेच नुकसान चालवून घ्यायचे, तर तांबे शंभरपट कमी लागेल. जाड, कमी रोधाच्या तंतूऐवजी बारीक, जास्त रोधाचा तंतू शोधायचा, ही दिशा या हिशेबाने पक्की केली.

ही आकडेमोड करण्यासाठी एडिसन यांनी १८७८ च्या अखेरीस फ्रान्सिस अप्टन या २६ वर्षांच्या तरुणाला नेमले. अप्टन प्रिन्स्टनमध्ये शिकले होते आणि बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखालीही. ऑक्टोबर १८७९ मध्ये कार्बन केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा कित्येक तास टिकला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीट वीजकेंद्रातून सुमारे ४०० दिवे उजळले.

प्रयोगशाळेतला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एडिसन यांनी अप्टन यांना नासपतीच्या आकाराच्या काचेच्या फुग्याचे घनफळ काढायला सांगितले. अप्टन वक्राचे समीकरण मांडून बसले. एडिसन यांनी फुग्यात पाणी भरून ते मापात ओतण्याचा मार्ग दाखवला. हा किस्सा गणितावर व्यवहारज्ञानाची मात म्हणून सांगितला जातो. पण एका फुग्याचे माप पाण्याने घेता येते. न बांधलेल्या वीजकेंद्राला किती तांबे लागेल, हे पाण्याने मोजता येत नाही. तिथे अप्टनच लागतात आणि हे ओळखूनच एडिसन यांनी त्यांना बोलावले होते.

गणित नसल्याची किंमत मोजावी लागली का?

काही प्रमाणात हो. एडिसन यांची व्यवस्था एकदिश विद्युतधारेवर, म्हणजे डीसीवर चालत होती. ती वीजकेंद्रापासून साधारण मैलभराच्या पलीकडे परवडत नसे. प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी, ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने दूरवर नेता येत होती. एडिसन यांनी तिला कडाडून विरोध केला. त्यामागे सुरक्षेची भीती होती आणि डीसीत गुंतलेला पैसाही. पण एसीचे स्वरूपही आड येणारे होते. तिथे विद्युतधारा आणि विभवांतर सतत बदलतात आणि एकमेकांच्या मागेपुढेही असतात. हे पाण्याने मोजण्यासारखे नव्हते.

१८९२ मध्ये विलीनीकरणातून जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या नावातून एडिसन हे नाव गेले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात दिवे पेटले ते वेस्टिंगहाऊस यांच्या एसीवर.

त्याच वर्षी संमिश्र संख्या वापरून एसीचा हिशेब सोपा करणारा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे आर्थर केनेली १८८७ पासून एडिसन यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होते. केनेली यांचा जन्म १८६१ मध्ये मुंबईत, कुलाब्याला झाला. किशोरवयातच शाळा सोडून ते लंडनमध्ये कामाला लागले आणि गणित-भौतिकशास्त्र स्वतःच्या बळावर शिकून पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. शाळा सुटली म्हणजे गणितही सुटलेच पाहिजे असे नाही, याचे याहून जवळचे उदाहरण शोधायला नको.

आजच्या पालकांनी यातून काय घ्यायचे?

भारतात घरी शिकणारी अनेक मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत (एनआयओएस) दहावी देतात. तिथे विषय निवडता येतात आणि गणित घेण्याची सक्ती नाही. त्यामुळे गणित सोडायचे की धरून ठेवायचे, हा निर्णय अनेक घरांत चौदा-पंधराव्या वर्षीच घेतला जातो. एडिसन यांनाही गणित लागलेच नव्हते, असे म्हणून तो घेणे चुकीचे ठरेल. त्यांना गणित लागले. फक्त ते दुसऱ्याच्या हातून करून घ्यावे लागले आणि तशी माणसे पदरी ठेवण्याची ऐपत त्यांच्याकडे होती.

मूल अडले असेल, तर सातवी-आठवीचे पुस्तक पुन्हा उघडून नेमकी कोणती पायरी निसटली, ते शोधणे हा पहिला उपाय. पाढे येत नाहीत, अपूर्णांक अडतात की शाब्दिक उदाहरणाचे समीकरण मांडता येत नाही, या तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. जिथे आईवडिलांचेच गणित थांबते, तिथे घराबाहेरचा शिक्षक शोधण्यात कमीपणा नाही. मेन्लो पार्कमध्ये एडिसन यांनी तेच केले. आणि हे सगळे होईपर्यंत मुलाला आपल्यात काही खोट आहे असे वाटू न देणे, हे नॅन्सी यांचे काम प्रत्येक घरात कोणीतरी करावे लागते.

नॅन्सी १८७१ मध्ये गेल्या, मुलाचा दिवा त्यांनी पाहिला नाही. एडिसन यांचे निधन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले, तेव्हा त्यांच्या नावावर अमेरिकेतील १०९३ पेटंट होती. त्यांचा धाकटा मुलगा थिओडोर याचा ओढा मात्र गणिताकडे होता. हा आइनस्टाइन यांच्या मागे ढगांत निघून जाईल आणि आपल्या हाताखाली काम करणार नाही, अशी धास्ती एडिसन बोलून दाखवत. थिओडोर यांनी १९२३ मध्ये एमआयटीतून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि मग वडिलांच्याच कंपनीत कामाला लागले.