दुसऱ्याच्या शब्दांना कुंपण घालणारे मेजर कँडी

नाशिक, प्रतिनिधी - नाशिकमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. आदल्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, मराठी लेखनाला विरामचिन्हांची शिस्त लावणारे मेजर टॉमस कँडी यांचा स्मृतिदिन असतो. त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

इंग्लंडमध्ये १८०४ साली जन्मलेले कँडी १८२२ मध्ये हिंदुस्थानात आले. कंपनीच्या लष्करात असतानाच त्यांना मराठीची गोडी लागली. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांचा व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांचा हातभार लागला. प्रकृतीमुळे मोल्सवर्थ मायदेशी परतल्यावर इंग्रजी-मराठी कोशाचे काम कँडी यांनी १८४७ मध्ये तडीस नेले.

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. त्या काळी पोथ्यांत दंडाखेरीज फारशी चिन्हे नसत. मोडी दस्तऐवजांत तर शब्दही सलग लिहिले जात. दुसऱ्याचे बोलणे संपल्याची खूण असे, म्हणून यांसारखे शब्द करून देत. पण ते गळले की घोटाळा होई. साक्षीदार म्हणाला चोर पळाला आणि घर जळाले, या वाक्यात घर जळाल्याचे साक्षीदाराने सांगितले की लिहिणाऱ्याने, हे कळण्यास मार्ग नाही. एखाद्याची अब्रू किंवा मालमत्ता अशा वाक्यावर टांगलेली असू शकते.

कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा हे पुस्तक काढून इंग्रजीतील चिन्हांची ओळख मराठीला करून दिली. शालेय पुस्तकांच्या द्वारे ती घरोघर पोहोचली. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी अवतरणचिन्ह, एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधताना एकेरी, हा नियम पुढे मराठी व्याकरणात स्थिरावला. आशय आपल्या शब्दांत सांगितला, तर चिन्ह नको. तिथे ते देणे म्हणजे न उच्चारलेले शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालणे होय.

कँडी यांच्या मराठीला इंग्रजी वळण असल्याची टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. १८७७ मध्ये महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांची वाक्यरचना मागे पडली. चिन्हे मात्र टिकली. पुढाऱ्याचे शब्द कुठे संपतात आणि बातमीदाराचे कुठे सुरू होतात, हे वाचकाला आजही त्यांच्यावरूनच कळते.