फुटक्या तुकड्यांचा इंजिनिअर : अंतोनी गाउदी

घरात कप फुटला की आधी आपल्याला ओरडा बसतो, मग केरसुणी येते आणि मग ते तुकडे कागदात गुंडाळून कचऱ्यात जातात. फुटकी बशी, तडा गेलेला आरसा घरात ठेवू नये, असं आजी सांगतेच. पण मित्रांनो, साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या बार्सेलोना शहरात एक असा आर्किटेक्ट होता, ज्याच्या साइटवर चांगली चकचकीत टाइल आली की ती आधी हातोडीने फोडायची! आज त्याच्या सात वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्याचं नाव अंतोनी गाउदी.

हा वेडेपणा नव्हता. त्यामागे पक्कं गणित होतं. ते समजायचं असेल तर त्याच्या बापाच्या दुकानापासून सुरुवात करायला हवी.

गाउदीचा जन्म २५ जून १८५२ चा, बार्सेलोनाच्या नैऋत्येला असलेल्या रेउस गावच्या परिसरातला. वडील तांबट होते. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीत जसा ठोकठोक आवाज येतो, तसाच आवाज ऐकत हा मुलगा वाढला. लहानपणापासून सांधेदुखीने त्याला सतावलं. इतर पोरं हुंदडायची तेव्हा हा पुष्कळदा नुसता बसून बघत राहायचा. झाडं, शिंपले, गोगलगायी आणि वडिलांच्या हाताखाली सपाट पत्र्याचं होणारं गोल भांडं. एक ओळही न आखता सपाट वस्तूतून वळण कसं काढायचं, हे त्याला तिथे दिसलं. कागदावर न काढता वस्तू थेट डोळ्यांपुढे उभी करण्याची आपली सवय या दुकानातून आली, असं तो पुढे मानत असे.

१८६८ च्या सुमारास तो शिकायला बार्सेलोनाला आला आणि पुढे तिथल्या आर्किटेक्चर स्कूलमध्ये दाखल झाला. इथे आपल्यासारख्यांना दिलासा देणारी गोष्ट सांगतो. गाउदी टॉपर वगैरे अजिबात नव्हता! मार्क बेताचे, काही विषयांत चक्क नापास. आपल्या भाषेत सांगायचं तर केटीवाला. खर्च भागवण्यासाठी तो शिकता शिकता आर्किटेक्ट लोकांकडे ड्रॉइंगची कामं करायचा. त्या काळात शहरातल्या एका बागेतल्या धबधब्यासाठी पाण्याची टाकी बांधायची होती, तिची आकडेमोड गाउदीने केली. ती बघून प्रोफेसर इतके खूश झाले की वर्गात फारसा न दिसलेल्या या मुलाला त्यांनी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये पास करून टाकलं, अशी गोष्ट सांगितली जाते. (आपल्याकडे ट्राय करू नये!) १८७६ साली मात्र त्याच्यावर मोठा घाव बसला. नुकताच डॉक्टर झालेला भाऊ आणि आई, दोघंही एकाच वर्षी गेले. दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, गाउदीला आर्किटेक्टची पदवी मिळाली.

त्याचं पहिलं मोठं घर म्हणजे कासा विसेन्स. १८८३ ते १८८५ मध्ये बांधलेलं. प्लॉटवर पिवळी फुलं उगवलेली होती, तीच त्याने भिंतीवरच्या टाइल्सवर आणली. कुठली फुलं माहीत आहे? आपला दसऱ्याचा झेंडू! पण या घराच्या भिंती अजून सरळ होत्या. सरळ भिंतीला चौकोनी टाइल लावायला काहीच अडचण नसते. अडचण पुढे आली.

१८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात गाउदीने हातमोज्यांच्या दुकानासाठी केलेलं एक काचेचं कपाट मांडलेलं होतं. ते एउसेबी गुएल नावाच्या श्रीमंत कारखानदाराने पाहिलं आणि या माणसाचा पत्ता शोधून काढला. पुढची चाळीस वर्षं गुएल हा गाउदीचा आश्रयदाता आणि मित्र राहिला. १८८४ पासून गाउदीने गुएलच्या वाडीवर दरवाजा आणि तबेल्याच्या इमारती बांधल्या. तिथल्या छतांना त्याने गोलाई दिली आणि प्रश्न उभा राहिला, की या गोलाईवर टाइल बसवायची कशी?

प्रयोग सोपा आहे. एक वर्तमानपत्र घ्या आणि बाटलीभोवती गुंडाळा. नीट बसतं. आता तेच नारळाभोवती गुंडाळा. सुरकुत्या पडणारच! बाटली एकाच दिशेने वळते, नारळ दोन्ही दिशांनी वळतो. सपाट वस्तू न ताणता, न फाडता अशा पृष्ठभागावर बसत नाही, हे भूमितीच सांगते. तांबं ठोकलं की ताणलं जातं, म्हणून तांबट त्याला गोल करू शकतो. भाजलेली टाइल ताणली जात नाही, ती फुटते. मग गाउदीने तिला फुटूच दिलं! तुकडा जितका लहान, तितकी त्याच्यापुरती गोलाई सपाट होत जाते. आपण कॅल्क्युलसमध्ये कर्व्हचे बारीक बारीक भाग करतो, तीच आयडिया, फक्त हातोडीने.

तुकड्यांचं चित्र ही कल्पना काही नवी नव्हती. मोझॅक रोमन लोकांच्याही आधीपासून होतं. रोमन कारागीर जमिनीखाली आधी मोठे दगड, वर चुना आणि खडी, त्यावर चुना आणि विटांचा चुरा असे थर द्यायचे. हायवे इंजिनिअरिंगमधला रोडचा क्रॉस-सेक्शन आठवा! कारण तेच, जमीन खचू नये आणि ओल वर येऊ नये. सगळ्यात वर बारीक चुन्याचा ओला थर आणि त्यात छिन्नी-हातोडीने कापलेले दगडाचे छोटे चौकोनी तुकडे एकेक करून बसवायचे. चुना सुकायच्या आत जेवढं होईल तेवढंच दिवसाचं काम. पुढे बायझंटाइन काळात, इटलीतल्या रावेन्नासारख्या ठिकाणी, काचेचे आणि सोन्याचा वर्ख घातलेले तुकडे आले. ते मुद्दाम थोडे तिरके बसवायचे, म्हणजे दिव्याच्या उजेडात भिंत लुकलुकते.

पण या पद्धतीत प्रत्येक तुकडा मोजून कापावा लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर. गाउदीने तुकडा कापण्याऐवजी फोडला, आणि जो आकार मिळेल त्याला जागा शोधली. कातालान भाषेत फोडण्याला ‘त्रेंकार’ म्हणतात, त्यावरून या कामाचं नाव पडलं ‘त्रेंकादीस’. टाइल कारखान्यातला रिजेक्ट माल, फुटक्या बश्या, बाटल्यांचे बूड, सगळं चालायचं.

अशा हाताच्या कामाची रीत साधारण अशी असते. टाइल गोणपाटात धरून हातोडीने फोडायची, म्हणजे कपची डोळ्यात उडत नाही. रंगाप्रमाणे तुकड्यांचे ढीग लावायचे. नको ती टोकं पकडीने खुडायची. तुकडे पाण्यात भिजवायचे, नाहीतर ते मालातलं पाणी शोषतात आणि पकड सैल होते. मग करणीने ताजा माल पसरून एकेक तुकडा दाबत जायचं, सांधा फार मोठा नाही आणि फार चिकटूनही नाही. माल धरला की पातळ रबडी सांध्यांत भरायची आणि ती कडक व्हायच्या आत फडक्याने पुसून घ्यायची. ऐकायला सोपं, पण पुढचा तुकडा कुठला हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसतं. ते गवंड्याचा डोळा ठरवतो.

तुम्ही म्हणाल, हे तर पाहिल्यासारखं वाटतंय. बरोबर! आपल्याकडे जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवलेले असतात, ते ‘चायना मोझॅक’ याच कुळातलं. पांढरा रंग ऊन परतवतो, चकचकीत तुकडा पाणी आत जाऊ देत नाही आणि उतार कसाही असला तरी तुकडे बसतात. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या गुफेच्या घुमटांवर हेच तुकडे वापरले. घुमटावर अख्खी टाइल बसत नाही, हे तिथेही लागू होतंच.

परत गाउदीकडे येऊ. १८८६ ते १८९० मध्ये त्याने गुएलसाठी शहरात वाडा बांधला. छपरावर वीस चिमण्या आणि धुराडी, बरीचशी त्रेंकादीसने मढवलेली. म्हणजे जी जागा कोणी बघत नाही, तिथेच सगळा रंग! १९०० साली पार्क गुएलचं काम सुरू झालं. मुळात ती श्रीमंतांसाठी साठ प्लॉटची कॉलनी होणार होती. स्कीम सपशेल पडली, घरं झाली फक्त दोन. पण तिथलं मोकळं मैदान बघण्यासारखं आहे. ते ८६ खांबांवर उभं आहे. पावसाचं पाणी मैदानातून झिरपतं, खांबांच्या आतून खाली उतरतं आणि जमिनीखालच्या १२०० घनमीटरच्या टाकीत साठतं. टाकी भरली की जास्तीचं पाणी जिन्यावरच्या, तुकड्यांनी मढवलेल्या रंगीबेरंगी सरड्यासारख्या प्राण्याच्या तोंडातून बाहेर पडतं. रेनवॉटर हार्वेस्टिंग, तेही शंभर वर्षांपूर्वी!

मैदानाच्या कडेने नागमोडी बाक आहे, सुमारे ११० मीटर लांब. पाठीला आराम मिळावा म्हणून ओल्या प्लास्टरवर एका कामगाराला बसवून आकार घेतला, अशी दंतकथा आहे. या बाकावरचं मोझॅक मात्र गाउदीने स्वतः केलेलं नाही. ते त्याचा तरुण सहकारी जोसेप मारिया जुजोल याचं. गाउदीने त्याला मोकळं सोडलं आणि जुजोलने बश्या, बाटल्या, टाइल्स असं जे हाती येईल त्यातून रंगांचा नुसता धुमाकूळ घातला. मोठा माणूस आपल्या ज्युनिअरला असं सोडतो, हे मला बाकाइतकंच सुंदर वाटतं.

१९०४ ते १९०६ मधलं कासा बाट्लो हे घर म्हणजे कळस. दर्शनी भिंतीवर काच आणि टाइलचे तुकडे असे पसरलेत की ती पाण्यासारखी हलते. गाउदी समोर रस्त्यावर उभा राहून कुठला रंग कुठे, हे कामगारांना सांगायचा, असं म्हणतात. आतल्या प्रकाशविहिरीत तर इंजिनिअरिंग आणखी पुढे जातं. वर ऊन जास्त म्हणून तिथे गडद निळ्या टाइल्स आणि छोट्या खिडक्या. खाली येताना रंग फिका होत जातो आणि खिडक्या मोठ्या होतात. त्यामुळे वरपासून खालपर्यंत उजेड जवळपास सारखाच वाटतो. वीज न जाळता!

बाहेर असे रंग उधळणाऱ्या माणसाच्या घरातली माणसं मात्र एकेक करून कमी होत गेली. लग्न त्याने केलंच नाही. १९०६ मध्ये वडील गेले, १९१२ मध्ये त्याच्याजवळ राहणारी भाची गेली, १९१४ मध्ये जवळचा सहकारी बेरेंगेर आणि १९१८ मध्ये गुएल. गाउदीने बाकी सगळी कामं सोडली आणि १८८३ पासून हाती असलेल्या साग्रादा फामिलिया या चर्चला स्वतःला वाहून घेतलं. शेवटी तर तो तिथल्या वर्कशॉपमध्येच राहायला गेला. मनोऱ्यांच्या टोकांसाठी त्याने व्हेनिसजवळच्या मुरानोची काच निवडली, कारण ती ऊन-पावसात टिकते आणि लांबून चमकते. त्याच्या हयातीत एकच मनोरा पुरा झाला, नोव्हेंबर १९२५ मध्ये.

७ जून १९२६ रोजी संध्याकाळी रस्ता ओलांडताना त्याला ट्रामने उडवलं. अंगावर जुनाट कपडे, खिशात ओळखीचा कागद नाही. लोकांना तो भिकारी वाटला, वेळेवर मदत मिळाली नाही. गोरगरिबांच्या हॉस्पिटलमध्ये त्याला टाकलं गेलं. ज्याने फुटक्या बशीचीही किंमत ओळखली, त्याला त्याच्याच शहराने ओळखलं नाही... ओळख पटेपर्यंत फार उशीर झाला होता. १० जूनला तो गेला. वय ७३. अंत्ययात्रेला मात्र सगळं शहर लोटलं. त्याला चर्चच्याच तळघरात पुरलं आहे.

गोष्ट इथे संपत नाही. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. जमाव चर्चमध्ये शिरला, वर्कशॉपला आग लागली. नकाशे, फोटो जळाले. गाउदीने वर्षानुवर्षं खपून केलेली प्लास्टरची मॉडेल्स फोडून टाकली गेली. त्याच्या मागे राहिलेल्या लोकांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले. हजारो तुकडे! कुठला तुकडा कुठल्या खांबाचा, कुठल्या कमानीचा, हे जुळवत बसले. यात वर्षं गेली, पिढ्या गेल्या, नंतर कॉम्प्युटर आले. गाउदीची वळणं ठरावीक भूमितीच्या आकारांतली होती, म्हणून अर्ध्या तुकड्यावरूनही उरलेला आकार काढता आला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हे चर्च जगातलं सर्वात उंच चर्च ठरलं, आणि बांधकाम अजून पूर्ण व्हायचं आहे.

म्हणजे गाउदीची सगळ्यात मोठी त्रेंकादीस त्याच्या मरणानंतर, त्याच्याच फुटलेल्या कामातून झाली. ती करणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांनी ते तुकडे झाडून टाकले नाहीत, तुकडा हातात धरून त्याची जागा शोधली. कुठल्याही पडलेल्या स्कीमकडे, फसलेल्या प्रोजेक्टकडे, आणि हो, कुठल्याही केटीकडे बघताना एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं.