मोडशीची नोंद ठेवणारा निजामशहाचा वैद्य

वाळूजवरून जाणारा नगर रस्ता ज्या शहरात पोहोचतो, तिथे पावणेपाचशे वर्षांपूर्वी बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ऑर्टा. दरबारात तो आजारांची लॅटिन नावे सांगे आणि त्यांची अरबी नावे शिकून घेई.

ऑर्टा 1534 मध्ये गोव्यात उतरला. इथल्या झाडपाल्याबद्दल युरोपातल्या ग्रंथांत बरेच ऐकीव लिहिलेले होते. ऑर्टाने वैद्य, हकीम, व्यापारी यांना विचारून, झाडे स्वतः पाहून माहिती जमवली. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूपी ग्रंथात आंबा, नारळ, कडुनिंब, हिंग, भांग, धोतरा असे सारे आले. धोतरा खाऊ घालून लुटण्याचे प्रकारही त्याने नोंदवले. उलट्या-जुलाबांनी काही तासांत माणूस दगावणाऱ्या आजाराचे, म्हणजे आपल्या मोडशीचे, त्याने केलेले वर्णन हे युरोपीय वैद्याने लिहिलेल्या कॉलऱ्याच्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक मानले जाते.

जुन्या ग्रंथकारांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणारा हा माणूस लोकसमजुतींतून मात्र पूर्ण सुटला नाही. नागाशी झुंजणारे मुंगूस एका मुळीने विष उतरवते, ही गोष्ट त्याच्या ग्रंथात आहे. आपल्याकडे ‘मुंगूसवेल’ या नावाने ती अजून सांगितली जाते. प्रत्यक्षात मुंगसाला मुळी लागत नाही. त्याच्या शरीराची रचनाच अशी असते, की नागाचे विष स्नायूंवर सहज पकड घेत नाही. शिवाय ते चपळाईने दंश चुकवते. माणसाला यातले काहीच लाभलेले नाही. म्हणून साप चावल्यावर मुळी उगाळण्यात वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता, न कापता रुग्णाला थेट सर्पविषरोधक लस मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावे.

ऑर्टा 1568 मध्ये वारला. तो मूळच्या ज्यू कुटुंबातला. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला गोव्यात जाळले आणि 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. तोवर त्याच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश युरोपभर पोहोचला होता. झाडपाल्याला त्याने सरसकट नाकारले नाही, डोक्यावरही घेतले नाही. आजीच्या बटव्यातल्या प्रत्येक औषधाला तेच माप लावायला हवे.